पोकेमॉन कार्डांचा डेक कसा बांधावा आणि स्पर्धेची तयारी कशी करावी



मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची रांग लागली, तरी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात सात-आठ मुलं जमिनीवर कोंडाळं करून बसलेली होती. एक काकू रागावल्या, "अरे, बाप्पासमोर पत्ते कसले कुटताय?" त्यावर एक चिमुरडा मान वर न करता म्हणाला, "काकू, हे पत्ते नाहीत, पोकेमॉन आहे!" त्यानंतर जेवताना चार-पाच पालकांनी आम्हा दोघांना गाठलं. हा प्रकार काय आहे? जुगार आहे का? मुलगा टूर्नामेंटला जायचं म्हणतो, पाठवावं का? डेक म्हणजे काय?

आम्ही दोघंही आयटीवाले, इंजिनिअरिंग करून इकडे अमेरिकेत आलेले. लहानपणी बदाम सात, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट यापलीकडे पत्त्यांशी संबंध नव्हता. पण चिरंजीवांमुळे गेली तीन वर्षं शनिवार-रविवार गेम स्टोअरमध्ये बसून जे काही शिकलो, ते एका जागी लिहून ठेवतो आहोत. ज्यांना नियम येतात त्यांनी सरळ चौथ्या भागापासून वाचावं.

१. हे पत्ते आले कुठून?

या प्रकारच्या खेळांना ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. पहिला गाजलेला खेळ म्हणजे १९९३ सालचा 'मॅजिक: द गॅदरिंग'. तो तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड यांची पीएचडी गणितातली, त्यातही कॉम्बिनेटोरिक्समधली! त्यामुळे या खेळात इतकं गणित का, याचं उत्तर तिथेच मिळतं. पोकेमॉनची कार्डं जपानमध्ये १९९६ साली आली आणि इंग्रजीत १९९९ साली. सुरुवातीला इंग्रजी कार्डं मॅजिकचीच कंपनी छापत असे. २००३ पासून पोकेमॉनच्या कंपनीने ते काम स्वतःकडे घेतलं आणि २००४ साली ऑरलँडोला त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आपल्या पत्त्यांत आणि यात मुख्य फरक एकच. रमीत सगळ्यांसाठी जोड एकच असतो आणि नशीब वाटपात असतं. इथे प्रत्येक जण आपला जोड घरूनच बांधून आणतो. त्यालाच डेक म्हणतात. म्हणजे अर्धा डाव टेबलावर बसण्याआधीच खेळून झालेला असतो.

२. खेळ थोडक्यात

डेक बरोबर ६० कार्डांचा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एकाच नावाची कार्डं जास्तीत जास्त ४. अपवाद फक्त साध्या एनर्जी कार्डांचा, ती कितीही चालतात. 'एस स्पेक' असा शिक्का असलेलं कार्ड मात्र अख्ख्या डेकमध्ये एकच.

कार्डं तीन जातींची:
- पोकेमॉन: हे लढतात. काही बेसिक असतात, म्हणजे थेट मांडता येतात. काही स्टेज १ आणि स्टेज २, म्हणजे बेसिकवर चढवावे लागतात.
- ट्रेनर: कार्डं ओढणं, शोधणं, अदलाबदल अशी कामं करणारी. यातली आयटम कार्डं एका टर्नमध्ये कितीही खेळता येतात, पण सपोर्टर टर्नला एकच.
- एनर्जी: हल्ल्याचं इंधन. हातातून टर्नला एकच लावता येते.

सुरुवातीला ७ कार्डं हातात येतात. त्यात एकही बेसिक पोकेमॉन नसेल तर हात दाखवायचा, पुन्हा पिसायचं आणि पुन्हा ७ घ्यायची. याला मलिगन म्हणतात, आणि प्रत्येक मलिगनमागे समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं. मग ६ कार्डं उलटी बाजूला ठेवायची, ती प्राइज कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं एक प्राइज उचलायचं. 'ईएक्स' जातीचा दांडगा पोकेमॉन पाडला तर दोन.

सगळी प्राइजं उचललीत की जिंकलात. समोरच्याच्या टेबलावर एकही पोकेमॉन उरला नाही तरी जिंकलात. आणि आपल्या टर्नच्या सुरुवातीला ओढायला कार्डच उरलं नाही, तर हरलात. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या टर्नमध्ये हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही.

एक सावधगिरी: फोनवरचा 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' (२०२४ साली आलेला) हा वेगळा खेळ आहे. त्यात २० कार्डांचा डेक असतो आणि नियमही वेगळे. मूल त्यात पटाईत असलं तरी टेबलावरच्या स्पर्धेची ती तयारी नव्हे. सरावाला 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' वापरा. तो ६० कार्डांचा आणि स्पर्धेच्याच नियमांचा आहे, शिवाय फुकट.

३. स्पर्धा कशा असतात?

खेळाडूंचे तीन गट: ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर्स. ढोबळमानाने प्राथमिक शाळेतली मुलं ज्युनिअर, त्यापुढची सीनिअर आणि मोठी मुलं व प्रौढ मास्टर्स. गट जन्मवर्षावरून ठरतो आणि दर सीझनला ती वर्षं एकेक पुढे सरकतात, त्यामुळे नाव नोंदवताना तपासा. बाबांनाही मास्टर्समध्ये खेळता येतं बरं का! आमच्या घरातून एकाने तो प्रयोग केला आहे, निकाल विचारू नये.

दुकानात होणाऱ्या छोट्या स्पर्धा म्हणजे लीग चॅलेंज, त्याहून मोठी लीग कप, मग कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरणारी रीजनल, त्यावर इंटरनॅशनल आणि शेवटी वर्ल्ड्स. या स्पर्धांतून पॉइंट्स मिळतात आणि पुरेसे जमले की वर्ल्ड्सचं आमंत्रण येतं.

फेऱ्या स्विस पद्धतीच्या असतात. हरलं की घरी, असं नाही. प्रत्येक फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला ०. गुण सारखे झाले तर ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकले तो वर. मोठ्या स्पर्धांत सामना तीन डावांचा, दोन जिंकणारा विजयी, आणि वेळ ५० मिनिटं. वेळ संपली की चालू टर्न पूर्ण करून आणखी ३ टर्न मिळतात. तोवर निकाल लागला नाही तर सामना बरोबरीत जाऊ शकतो. छोट्या स्पर्धांत बऱ्याचदा एकाच डावाचा सामना असतो.

तीन डावांमुळे चांगल्या तयारीला थोडा न्याय मिळतो. एका डावात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर तीन डावांच्या सामन्यात ती सुमारे ६५ टक्के होते. ७० टक्के असेल तर ७८ टक्के.

४. डेक बांधणी: पाया

नवशिक्याचा डेक लगेच ओळखू येतो. त्यात आवडीचे वीस-पंचवीस वेगवेगळे पोकेमॉन असतात, वीसेक एनर्जी, आणि ट्रेनर उरल्यासुरल्या जागेत. असा डेक दिसतो छान, पण चालत नाही. कारण हवं ते कार्ड हवं तेव्हा येत नाही.

स्पर्धेच्या डेकची ढोबळ विभागणी अशी: पोकेमॉन १५ ते २०, ट्रेनर ३० ते ३५, एनर्जी ६ ते १२. म्हणजे निम्म्याहून अधिक डेक हा लढण्यासाठी नसतोच, तो शोधण्यासाठी असतो! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅममधला खरा बिझनेस लॉजिकचा भाग छोटा, बाकी सगळं तो वेळेवर पोचवायची यंत्रणा.

डेक बांधताना आधी एकच प्रश्न विचारा: "मी जिंकणार कसा?" उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. मग प्रत्येक कार्डाला विचारा, "तू या वाक्याला काय मदत करतोस?" उत्तर नसेल तर कार्ड बाहेर.

एक जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. (आज ही कार्डं स्पर्धेत चालतात का, ते तुमचं तुम्ही तपासा. त्याबद्दल पुढे येईलच.) ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला चॅरिझार्ड ईएक्स. स्टेज २, ताकद ३३०. त्याचा हल्ला १८० चा, शिवाय प्रतिस्पर्ध्याने जितकी प्राइजं उचलली तितके ३०-३० वाढीव. आणि तो मांडला त्या क्षणी डेकमधून ३ फायर एनर्जी काढून लावता येतात. "मार खात खात मोठा होतो आणि शेवटी एका फटक्यात पाडतो" हे त्याचं वाक्य.

आता हिशोब बघा:
- चारमँडर ४. हा बेसिक पाया. हा नसेल तर पुढचं काहीच नाही.
- चारमेलिऑन १. मधली पायरी. ती एकच का? कारण रेअर कँडी नावाचं आयटम कार्ड बेसिकवरून थेट स्टेज २ वर नेतं.
- रेअर कँडी ४. वरच्याच कारणासाठी.
- चॅरिझार्ड ईएक्स ३. एका डावात दोन उभे राहिले तरी पुरतात, तिसरा प्राइजात अडकला तर म्हणून.
- पिजी २ आणि पिजॉट ईएक्स २. पिजॉट दर टर्नला डेकमधून हवं ते एक कार्ड शोधून देतो.
- फायर एनर्जी सहा-सात. जास्त नको, कारण चॅरिझार्ड त्या डेकमधूनच ओढतो, हातात येऊन उपयोग कमी.

बाकीची जागा शोधणाऱ्या आणि ओढणाऱ्या कार्डांना. उदाहरणार्थ, अल्ट्रा बॉल (दोन कार्डं टाकून कुठलाही पोकेमॉन शोधा), प्रोफेसर्स रिसर्च (हात टाकून नवी ७ ओढा), बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागे लपलेला पोकेमॉन पुढे खेचा).

पिजॉटमुळे एक गंमत होते. हवं ते कार्ड शोधता येत असल्याने, खास प्रसंगी लागणारी कार्डं एकेकच ठेवली तरी चालतात. ज्या डेकमध्ये असं शोधयंत्र नाही तिथे महत्त्वाच्या कार्डाच्या ४ प्रती लागतात. किती प्रती ठेवायच्या हे कार्ड किती चांगलं आहे यावर ठरत नाही, ते कधी आणि किती वेळा लागतं यावर ठरतं. साधारण नियम असा:
- ४: पहिल्याच टर्नला हवं.
- ३: लवकर हवं, पण दोन एकदम हातात आले तर अडचण.
- २: डावात कधीतरी नक्की लागेल.
- १: शोधून आणता येतं, किंवा नाही मिळालं तरी चालेल.

५. थोडं गणित

बारावीत शिकलेलं संचय आणि संभाव्यता इथे कामी येतं. मुलांना शाळेत जे कंटाळवाणं वाटतं, ते इथे वहीत आपण होऊन मांडतात!

पहिल्या ७ कार्डांत एकही बेसिक न येण्याची, म्हणजे मलिगनची शक्यता:
- डेकमध्ये ८ बेसिक: सुमारे ३५ टक्के
- १० बेसिक: २६ टक्के
- १२ बेसिक: १९ टक्के
- १५ बेसिक: १२ टक्के

एखाद्या कार्डाच्या ४ प्रती असल्या तरी पहिल्या ७ मध्ये ते असण्याची शक्यता फक्त ४० टक्के. "चार आहेत, येईलच" हा भ्रम इथे फुटतो. म्हणूनच शोधणारी कार्डं लागतात.

दुसरा हिशोब प्राइजांचा. ६० पैकी ६ कार्डं बाजूला जातात. म्हणजे ज्याची एकच प्रत आहे ते कार्ड प्राइजात अडकण्याची शक्यता १० टक्के, दर दहा डावांत एकदा. दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही अडकण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. जे कार्ड नसेल तर डावच हरतो, ते एकटं ठेवू नका.

यातूनच एक महत्त्वाची सवय निघते. डावात पहिल्यांदा डेकमध्ये शोधायची संधी मिळाली की नुसतं हवं ते कार्ड काढायचं नाही, पूर्ण डेक नजरेखालून घालून प्राइजात काय अडकलंय ते मनात नोंदवायचं. मुलांना हे जड जातं. आम्ही घरी खेळ करतो: डेक पिसून ६ कार्डं बाजूला काढायची आणि उरलेली एक मिनिट बघून कुठली गेली ते ओळखायचं. आजी भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांना एकाही पोकेमॉनचं नाव धड येत नव्हतं, पण "ते केशरी शेपटीवालं तीनच दिसलं रे" हे त्यांनी नातवाच्या आधी सांगितलं. रमीत गेलेली पानं लक्षात ठेवायची आयुष्यभराची सवय, दुसरं काय!

६. सराव कसा करावा?

पहिला डेक स्वतःच्या डोक्यातून काढू नका. मोठ्या स्पर्धांतल्या विजेत्यांच्या याद्या सगळ्यांना बघायला मिळतात, त्यातली एक जशीच्या तशी घ्या. यात कमीपणा काही नाही. चालणारा कोड हाताशी असताना आपणही शून्यापासून लिहीत नाही. आधी दहा डाव एकही कार्ड न बदलता खेळा, म्हणजे प्रत्येक कार्ड तिथे का आहे ते कळतं. मग बदला, पण एका वेळी एक-दोनच कार्डं. एकदम आठ बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

एक साधी एक्सेल शीट ठेवा. रकाने पाच: समोरचा डेक, पहिले खेळलो की दुसरे, निकाल, काय अडलं, आणि चूक माझी की नशिबाची. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीला आमच्या चिरंजीवांच्या शीटमध्ये तिथे सगळीकडे "नशीब" होतं. तीन महिन्यांनी निम्म्या ठिकाणी "मी" आलं. ती प्रगती जिंकण्यापेक्षा मोठी वाटली.

मात्र थोड्या डावांवरून निष्कर्ष काढू नका. दोन डेक अगदी तुल्यबळ असले तरी दहापैकी सहा किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता ३८ टक्के आहे. म्हणजे "६-४ झालं, आपला डेक भारी" याला काही अर्थ नाही.

घड्याळ लावून खेळा. ५० मिनिटांत तीन डाव म्हणजे डावाला साधारण १६ मिनिटं. ज्युनिअर मुलं विचार करत बसतात आणि जिंकत आलेला सामना बरोबरीत सोडवून येतात.

७. समोर कोण येणार?

स्पर्धेत कुठले डेक किती लोक खेळतात, त्या चित्राला मेटा म्हणतात. सर्वोत्तम डेक असा काही नसतो. या शनिवारी, या दुकानात, या लोकांसमोर चांगला ठरणारा डेक असतो.

समजा तुमच्याकडच्या दुकानात ४० टक्के लोक क डेक खेळतात, ३५ टक्के ख आणि २५ टक्के ग. (आकडे नमुन्यादाखल.) तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला डेक क विरुद्ध ६० टक्के जिंकतो, ख विरुद्ध ४५ आणि ग विरुद्ध ५०. दुसरा अनुक्रमे ४५, ५५ आणि ७०. गुणून बेरीज केली तर पहिला येतो ५२.२५ टक्के आणि दुसरा ५४.७५. सगळ्यात लोकप्रिय डेकला हरवणारा पहिला पर्याय इथे मागे पडतो! पण क खेळणारे ६० टक्के झाले, ख २५ आणि ग १५, तर हेच आकडे ५४.७५ आणि ५१.२५ असे उलटतात. दोन-तीन आठवडे आधी दुकानात चक्कर मारून कोण काय खेळतंय ते बघण्याचं महत्त्व यात आहे.

याचं मोठं उदाहरण म्हणजे होनोलुलूला झालेली २०२४ ची जागतिक स्पर्धा. त्या काळातले बहुतेक बलाढ्य डेक पोकेमॉनच्या ॲबिलिटीवर, म्हणजे अंगभूत खास शक्तींवर, अवलंबून होते. चिलीचा फर्नांडो सिफुएंतेस तिथे आयर्न थॉर्न्स ईएक्सचा डेक घेऊन उतरला. हा पोकेमॉन पुढे उभा असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या बहुतेक बड्या पोकेमॉनच्या ॲबिलिटी बंद पडतात. सगळे ज्या फांदीवर बसले होते तीच त्याने कापली, आणि मास्टर्स गटात तो जगज्जेता झाला.

८. कुठली कार्डं चालतात?

प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं. स्टँडर्ड प्रकारच्या स्पर्धेत ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात आणि साधारण वर्षातून एकदा जुनं अक्षर बाद होतं. याला रोटेशन म्हणतात. मात्र तेच कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल, तर जुनी प्रतही चालते. स्पर्धेच्या आठवड्यात अधिकृत यादी बघाच. कार्डाच्या भाषेचेही देशागणिक नियम आहेत, त्यामुळे मामाने जपानहून आणलेली कार्डं इथे डेकमध्ये घालण्याआधी विचारून घ्या.

९. खर्च आणि जुगार

आता काकूंच्या प्रश्नाकडे. खेळ हा जुगार नाही, पण पॅकेट फोडणं त्याच्या फार जवळ जातं. बंद पॅकेटात काय निघेल ते माहीत नसतं आणि "अजून एक, अजून एक" सुरू होतं. आमच्याही घरात एका ख्रिसमसच्या सुट्टीत हे झालं. फाटलेल्या पॅकेटांचा ढीग आणि डेकला उपयोगी कार्डं जेमतेम चार.

त्यानंतर घरात केलेले नियम:
- डेकसाठी लागणारी कार्डं सुटीच विकत घ्यायची. पॅकेट फक्त वाढदिवसाला.
- चकचकीत महागडी प्रत आणि साधी प्रत खेळात अगदी सारखीच. साधी घ्यायची.
- सुरुवातीला तयार 'लीग बॅटल डेक' घ्यावा. साठही कार्डं एकत्र मिळतात आणि दुकानातल्या स्पर्धेत लाज जात नाही.
- अदलाबदल करण्याआधी किंमत बघायची आणि घरी विचारायचं. मोठी मुलं लहानांकडून शंभराची वस्तू पाचाला घेऊन जातात.
- फारच स्वस्त मिळतंय म्हणजे बहुधा नकली आहे. नकली किंवा घरी छापलेलं कार्ड स्पर्धेत चालत नाही.

१०. स्पर्धेचा दिवस आणि आमची फजिती

इथे आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिरंजीवांचा पहिला लीग कप. डेक आम्ही ठरवलेला, कार्डं आम्ही मागवलेली, आणि डेकलिस्ट, म्हणजे स्पर्धेत द्यायची साठ कार्डांची यादी, तीही रात्री साडेअकराला आम्हीच भरलेली. "तू झोप, उद्या लवकर उठायचंय."

पहिल्या दोन फेऱ्या तो जिंकला. तिसऱ्या फेरीआधी जजने डेक तपासायला नेला. यादीत रेअर कँडीसमोर ४ ऐवजी ३ लिहिलं होतं. बेरीज ५९. नियमाप्रमाणे एक डाव गेला. जज अगदी सौम्यपणे बोलले, चूक सर्वस्वी आमची होती. दुसरा डाव तो थरथरत खेळला आणि तोही गेला. टेबलावर रडला नाही. हात मिळवला, कार्डं गोळा केली. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना एवढंच म्हणाला, "बाबा, तू मोजलं होतंस ना?"

घरी येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. रात्री आम्ही दोघं बोलत बसलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्न एका आकड्याचा नव्हताच. डेक त्याचा कधी झालाच नव्हता. प्रोजेक्ट आमचं आणि तो फक्त डेमो द्यायला उभा! दिवसभर ऑफिसात जे करतो तेच आम्ही घरी आणलं होतं.

पुढच्या स्पर्धेला यादी त्याने भरली आणि कार्डं जमिनीवर मांडून मोठ्याने मोजली. आम्ही फक्त ताडून पाहिलं. डेकमध्ये त्याने एक पिकाचू घातला, आमच्या मते पूर्ण निरुपयोगी. आम्ही जीभ चावली. पाचपैकी तीन सामने जिंकला. पिकाचू एकदाही कामी आला नाही, आणि तसं शीटमध्ये त्याने स्वतःच लिहिलं. पण काढला मात्र नाही.

तर त्या दिवसासाठी यादी:
- डेकलिस्ट मुलाने भरावी, पालकांनी ताडावी. बेरीज ६० हे दोनदा मोजावं, आणि प्रत्यक्ष डेकही मोजावा.
- स्लीव्ह्ज, म्हणजे कार्डांची वेष्टणं, सगळी एकसारखी, मागून अपारदर्शक आणि शक्यतो नवी. एखादी दुमडलेली असेल तर कार्ड ओळखू येतं म्हणून दंड होऊ शकतो. जादा पाच-सात बरोबर ठेवा.
- फासे किंवा डॅमेज काउंटर, पॉयझन आणि बर्नच्या खुणा.
- प्लेयर आयडी. पहिल्यांदा जाताना आदल्या आठवड्यात काढून ठेवा.
- पाणी आणि डबा. दोन सामन्यांच्या मधे खाता येईल असं काही, पोळीचा रोल उत्तम. खाऊन हात धुवायला लावा, तेलकट बोटं आणि कार्डं यांचं जमत नाही!
- दर सामन्याआधी डेक नीट पिसायचा आणि समोरच्याला काटायला द्यायचा.
- शंका आली तर हात वर करून जजला बोलवायचं. निर्णय पटला नाही तर हेड जजकडे दाद मागता येते. हे मुलाला आधी शिकवा, कारण समोरचा आत्मविश्वासाने चुकीचा नियम सांगतो आणि आपली मुलं भिडेखातर गप्प बसतात.
- पालकांनी सामना चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही. खोकणं, भुवया उडवणंसुद्धा नाही. बाहेरची मदत मिळाली तर दंड मुलाला होतो.
- निकाल फासे टाकून ठरवणं किंवा पैसे, कार्डं देऊन सामना सोडायला सांगणं हे गंभीर गुन्हे आहेत. गमतीतही नको.

११. नेहमी कानावर पडणारे शब्द

- बेंच: मागे राखीव बसवलेले पोकेमॉन, जास्तीत जास्त पाच.
- ब्रिक होणं: हातात कार्डं असूनही काहीच करता न येणं.
- मॅचअप: दोन ठरावीक डेकमधली लढत.
- मिरर: दोन्हीकडे एकच डेक.
- टेक: एखाद्या खास डेकविरुद्ध ठेवलेलं एकटंदुकटं कार्ड.
- टॉप कट: स्विस फेऱ्यांनंतर पुढे जाणारे आघाडीचे खेळाडू.
- डेक आउट: कार्डं संपल्यामुळे हरणं.

शेवटी एवढंच. या खेळाने आमच्या मुलाला हरल्यावर हात मिळवायला शिकवलं आणि आम्हाला बाजूला बसायला. दुसरं जास्त कठीण होतं. आपल्या मंडळातल्या मुलांचं महिन्यातून एकदा सरावासाठी जमावं असं मनात आहे. टेबलं, जादा डेक आणि चहा आमच्याकडून. आजी-आजोबांनी जरूर यावं. प्राइजात काय अडकलंय हे सांगणारं कोणीतरी हवंच आहे!